लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं का? मराठवाड्यातल्यांनो, आपापला अनुभव लिहा

दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत एकच प्रश्न येतो : "सर, कार्डवाला घ्यावा की साधा?" दोन्हींच्या किमतीतला फरक लहान नाही आणि आपल्याकडं सोयाबीनच्या पट्टीतून लेकराला लॅपटॉप घेणारी घरं पुष्कळ आहेत. म्हणून हा धागा. जाहिरातीतलं नको, वापरून जे दिसलं ते लिहा. काम काय, मशीन कोणतं, उन्हाळ्यात आणि लाइट गेल्यावर ते कसं वागलं, हे आवर्जून सांगा.

नवख्यांसाठी थोडक्यात. इंटिग्रेटेड ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असतं आणि लॅपटॉपच्या रॅममधूनच मेमरी घेतं. डेडिकेटेड कार्डाची चिप वेगळी, मेमरीही वेगळी. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमच्या दोन पट्ट्या (लॅपटॉपमध्ये बसवायचे रॅमचे तुकडे) मिळून सेकंदाला ५१.२ जीबी डेटा हलवतात, एकच पट्टी असेल तर त्याच्या निम्मा. एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ३०५० या लॅपटॉप कार्डाची स्वतःची मेमरी १९२ जीबीच्या आसपास हलवते. कार्डाचा जोर इथून येतो. आता तुम्ही बोला.

परभणी, कृषी विद्यापीठात एम.एस्सी.

माझं काम क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर), आर (आकडेवारीचं) आणि एक्सेलचं. कार्ड नाही आणि अडलंही नाही. पण एक गोष्ट सगळ्यांनी तपासावी. लॅपटॉपच्या खोक्यावर 'आयरिस एक्सई' (इंटेलच्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सचं नाव) लिहिलेलं होतं, टास्क मॅनेजर उघडला तर तिथं 'यूएचडी ग्राफिक्स'. दुकानदार म्हणाले ड्रायव्हर टाकून देतो. टाकला, नाव तेच. कारण वेगळंच निघालं. आत ८ जीबीची एकच पट्टी होती. इंटेलच्या या प्रोसेसरांत रॅम दोन चॅनेलवर (म्हणजे दोन वाटांनी) चालत असेल तरच आयरिस एक्सई हे नाव दिसतं, एका पट्टीवर तीच चिप यूएचडी म्हणून दिसते आणि हळूही चालते. दुसरी ८ जीबीची पट्टी बसवली, मशीन चालू केलं आणि त्याच जागी आयरिस एक्सई आलं. उपग्रहचित्रांचे मोठे थर उघडताना होणारी अडचणही गेली, पण ते एकूण रॅम वाढल्यामुळं. क्यूजीआयएस नकाशा काढायचं काम बहुतेक प्रोसेसरवरच करतं.

बीड, लग्नाचे व्हिडिओ एडिटिंग

सगळे म्हणतात एडिटिंग म्हटलं की कार्ड. अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात माझ्या धंद्यातले बरेच जण पैसे घालवायलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

हल्लीचे बरेच कॅमेरे ४:२:२ दहा-बिट एच.२६५ मध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती धरून दाबून साठवलेल्या व्हिडिओत, शूट करतात. माझा लॅपटॉप एएमडीच्या रायझन प्रोसेसरचा आणि आरटीएक्स ३०६० कार्डाचा. टाइमलाइनवर हे फुटेज टाकलं की आवाज पुढं आणि चित्र मागं. मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात तो क्षण नेमका कुठं कापायचा तेच कळेना. मेहुण्याकडं साधा इंटेलचा लॅपटॉप होता, बाराव्या पिढीचा, विनाकार्डाचा. त्यावर तेच फुटेज प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये सरळ चाललं. फुटेज उलगडायचं काम करणारा भाग इंटेलच्या इंटिग्रेटेड ग्राफिक्समध्ये असतो, क्विक सिंक त्याचं नाव, आणि ४:२:२ एच.२६५ तो अकराव्या पिढीपासून उलगडतो. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय २०२५ च्या ५० मालिकेपासून आली. त्याआधीचं कार्ड कितीही भारी घ्या, हे काम ते प्रोसेसरवर ढकलतं.

मग कार्ड नको का? हवं. रात्रीच्या वरातीच्या शॉटमधला नॉइज (अंधारात चित्रावर दिसणारे दाणे) काढायचा, रंग बसवायचे, इफेक्ट टाकायचे, तिथं इंटिग्रेटेडचा टिकाव लागत नाही. म्हणून आता इंटेल आणि आरटीएक्स दोन्ही असलेलं मशीन घेतलंय. एक मात्र ध्यानात ठेवा : गेमिंग लॅपटॉपमध्ये 'फक्त डेडिकेटेड' असा मोड असतो. तो लावला की इंटिग्रेटेड बंद होतं आणि क्विक सिंकही जातं. एडिटिंगला हायब्रिड मोडच, म्हणजे दोन्ही चालू ठेवणारा, ठेवा.

लातूर, वास्तुविशारद

ऑटोकॅडच्या टूडी प्लॅनला कार्ड लागत नाही, ऑफिसातल्या मुलांना साध्याच मशीन दिल्या आहेत. एन्स्केप, लुमियन अशा थ्रीडी चित्रं बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करायचं असेल तर कार्डाला पर्याय नाही.

पण कार्डाच्या नावावर जाऊ नका. आमच्याकडं आरटीएक्स ४०५० चे दोन लॅपटॉप आहेत, एक पातळ, एक जाड. नाव तेच, मेमरी तीच ६ जीबी, आणि तोच बंगला रेंडर करायला (थ्रीडी मॉडेलचं खरं वाटेल असं चित्र बनवायला) पातळ्याला स्पष्ट जास्त वेळ लागतो. हे कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर बसवलेलं असू शकतं, लॅपटॉप बनवणारा ठरवतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टम इन्फर्मेशन उघडलं की कमाल ग्राफिक्स पॉवर वॅटमध्ये दिसते. पैसे देण्याआधी दुकानातच उघडून पाहा. आणि साइटवर, प्लग नसताना, मालकाला थ्रीडी दाखवायला जाऊ नका. बॅटरीवर कार्ड दम धरत नाही. आधीच व्हिडिओ काढून न्यावा.

जालना, जिनिंगमध्ये हिशेबाचं काम

टॅलीला कार्ड लागत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मी धुळीबद्दल लिहितो. हंगामात रुईचे तंतू सगळीकडं उडतात. कार्डवाल्या लॅपटॉपचे दोन्ही पंखे खालून जोरात हवा ओढतात, तंतू पंख्यामागच्या जाळीत जाऊन बसतात आणि त्याचा नमदा होतो. मग मे महिन्यात मशीन तापतं आणि आपोआप हळू होतं. आमच्यासारख्या ठिकाणी वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्याच, कार्ड असो नसो.

नांदेड, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

मी मशीन लर्निंग शिकायलोय. कुडा (कार्डावर हिशेब चालवायचं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर) फक्त एनव्हिडियावर चालतं म्हणून आरटीएक्स ३०५० घेतलं, ४ जीबीचं. शिकण्यापुरती लहान मॉडेलं मस्त चालायलीत. मोठं मॉडेल घेतलं की 'आउट ऑफ मेमरी', म्हणजे कार्डाची मेमरी कमी पडते. तेव्हा ब्राउझरमधून चालणाऱ्या गुगल कोलॅबवर जातो, तिथं फुकटात टी४ कार्ड मिळतं, १६ जीबीचं. सेशन मध्येच तुटतं, पण काम होतं. ज्याचं बजेट ताणतंय त्या मित्रांना मी साधा लॅपटॉप, १६ जीबी रॅम आणि चांगलं नेट एवढंच सांगतो. होस्टेलवरच्या गेमबद्दल विचाराल तर व्हॅलोरंट माझ्या रूममेटच्या आयरिस एक्सईवरही नीट चालतं.

वाळूज, डिझाइन विभाग

सॉलिडवर्क्सवर (यंत्रांच्या भागांचं थ्रीडी डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) काम करणाऱ्यांनी गेमिंग कार्डाच्या मागं लागू नये. त्यातला रिअलव्ह्यू, म्हणजे भाग खऱ्यासारखे दाखवणारा मोड, प्रमाणित वर्कस्टेशन कार्डांवरच चालतो. आधी सॉलिडवर्क्सच्या साइटवर कार्डाचं नाव शोधा, मग ऑर्डर द्या.

धाराशिव, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका

माझा विनाकार्डाचा लॅपटॉप ६५ वॅटच्या टाइप-सी चार्जरवर चालतो. लाइट गेली तरी शाळेच्या इन्व्हर्टरवर प्रोजेक्टरसोबत तास पूर्ण होतो. भाच्याच्या गेमिंग लॅपटॉपचा अडॅप्टर २३० वॅटचा, तो हातात घेतला तरी विटेएवढा जड लागतो. रोज पिशवीत घालून एसटीनं जाणाऱ्यांनी हे वजनही धरावं.

धागाकर्ता

अंबाजोगाईच्या ताईंनी विचारलं आहे, मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला निघाली आहे, काय घ्यावं. ताई, पहिल्या दोन वर्षांच्या प्रोग्रॅमिंगला कार्ड लागत नाही. वाचलेल्या पैशांत १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी बघा. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. म्हणून दुकानदाराला आधी विचारा, रॅमचा दुसरा स्लॉट मोकळा आहे का, आणि उत्तर बिलामागं लिहून घ्या.