इंधन भरल्यावर लागलेला इंजिनाचा दिवा : आपले अनुभव

जुलैच्या भर पावसात पुण्याहून साताऱ्याला जाताना महामार्गावरच्या एका पंपावर मी ३० लिटर पेट्रोल भरले आणि पुढे खंबाटकीच्या चढावर गाडी धक्के खाऊ लागली. डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनाचा दिवा लुकलुकत होता. असा लुकलुकणारा दिवा म्हणजे एखाद्या सिलिंडरमधले इंधन न जळताच पुढे जात असते व त्यामुळे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो, हे ठाऊक असल्याने मी गाडी बाजूला घेतली आणि टो करून गॅरेजला नेली.

मेकॅनिक स्कॅनर लावून दिवा लगेच घालवून देणार होता. मी त्याला आधी कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा क्रमांक) आणि दिवा लागला त्या क्षणाची नोंद उतरवून घ्यायला सांगितले, कारण कोड पुसला की ती नोंदही पुसली जाते. कोड दोन होते : पी०३००, म्हणजे एकाहून अधिक सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट न पेटणे), आणि पी०१७१, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. त्याने इंधनाची नळी सोडवून काचेच्या बाटलीत पाऊण लिटर काढले. अर्ध्या तासाने तळाशी बोटभर जाडीचा वेगळा थर बसला होता, आणि बाटली कलती केली की तो पेट्रोलच्या खालून संथपणे सरकत होता. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी मर्यादेपलीकडे गेले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होऊन तळाशी बसतात, आणि गाडीचा इंधनपंप नेमका तळातूनच ओढतो. टाकी उपसून धुतली, फिल्टर बदलला, तेव्हा गाडी पूर्ववत झाली.

बिल घेऊन मी पंपावर गेलो. व्यवस्थापकांनी पाणी ओळखणारी पेस्ट लावलेली काठी भूमिगत टाकीत सोडली, आणि वर आल्यावर पेस्टचा रंग बदललेला आम्ही दोघांनीही पाहिला. त्यांनी ती टाकी तिथल्या तिथे बंद केली. फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे आणि तो जरूर बजावावा, परंतु ती भेसळीसाठी असते. पाण्यासाठी काठीच हवी.

आपल्यालाही इंधन भरल्यानंतर हा दिवा दिसला असेल, तर गाडी कोणत्या इंधनावर चालते, कोड कोणता आला आणि शेवटी कारण काय निघाले, हे कृपया लिहावे. ‘दिवा गेला’ एवढ्यावर दुसऱ्याचे काम भागत नाही.

नागपूर, पेट्रोल

टाकी फुल्ल केली की माझी गाडी लगेच सुरू होत नसे. बराच वेळ स्टार्टर मारावा लागे, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येई आणि एक-दोन दिवसांत दिवा लागे. अर्धी टाकी भरली तर मात्र काहीच होत नसे, आणि हीच खूण उपयोगी पडली. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात साठते व इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडून ती आत ओढली जाते. माझा व्हॉल्व्ह काढून फुंकर मारली, तर वीजजोडणी नसतानाही हवा आरपार गेली. तो उघडाच अडकला होता, म्हणून टाकी भरताना वाफ थेट इंजिनात जाई. नोझल आपोआप थांबल्यावरही रुपयांचा आकडा पूर्ण करण्यासाठी आणखी पेट्रोल घालून घेण्याची माझी सवय याला कारण असावी, असे मला वाटते. असे जादा भरल्याने द्रव पेट्रोल कोळशाच्या डब्यात शिरते. ती सवय मी सोडली आहे.

न्यू जर्सी, पेट्रोल

माझा कोड पी०४५७ होता, म्हणजे टाकीचे झाकण सैल. इथल्या गाड्या टाकीतून वाफ गळते का, हे स्वतः तपासतात. झाकण ‘कट्’ आवाज येईपर्यंत फिरवूनही दिवा काही दिवस राहिला, कारण ही तपासणी टाकी फार भरलेली वा फार रिकामी नसतानाच होते आणि अनेक फेऱ्यांत गळती आढळली नाही, तरच दिवा जातो. वाहन तपासणी तोंडावर असल्याने मी अस्वस्थ होते. दिवा लागलेली गाडी इथे नापास होते. बॅटरीची वायर काढून दिवा घालवण्याचा सल्ला मिळाला होता. मी तो मानला नाही, कारण त्याने गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही अपूर्ण दिसतात आणि गाडी परत पाठवली जाते.

कोल्हापूर, पेट्रोल, २०१२ ची गाडी

मलाही पी०१७१ आला, पण बाटलीत थर दिसला नाही. साध्या पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, तर २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५ पट, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावे लागते. माझे इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे भाग) आधीच तुंबलेले असल्याने संगणकाची भरपाई कमी पडली. इंजेक्टर साफ केल्यावर दिवा गेला.

ठाणे, पेट्रोल

पंपावरून निघाल्यावर दोन किलोमीटरच्या आतच दिवा लागला, म्हणून मी पंपालाच दोष देत होतो. कोड पी०३०३ होता, म्हणजे एकट्या तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. खराब पेट्रोल एकच सिलिंडर कशाला निवडेल, असे माझ्या मेकॅनिकने विचारले आणि तिसऱ्याची इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) दुसऱ्यावर, दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवली. गाडी फिरवून आणली तेव्हा कोड पी०३०२ झाला होता. दोष कॉइलबरोबर सरकला होता. नवी कॉइल बसवली, आणि तेच पेट्रोल मी शेवटपर्यंत वापरले.