गुहागर, तीन रात्री, अकरा माणसं: अख्खा बंगला घ्यावा की घरगुती खोल्या?

मेघना_कोथरूड

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही अकरा जण पुण्याहून गुहागरला जातोय. तिथला व्याडेश्वर आमचं कुलदैवत, त्याला अभिषेक करायचाय. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन जूनमध्ये झालं. दवाखान्यातच त्या म्हणाल्या होत्या, चालायला लागले की आधी देवाला नेऊन आणा. आता वॉकर सुटलाय, हातात काठी असते.

बाकीची माणसं अशी: सासरे ७९ वर्षांचे, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. नणंद, तिचे यजमान, त्यांची शाळकरी मुलगी आणि १४ महिन्यांचं बाळ. धाकटे दीर. आम्ही दोघं आणि आमची दोन मुलं.

दोन जागा बघून ठेवल्यात. पहिली म्हणजे अख्खा बंगला, जाहिरातीत ‘समुद्राला लागून’ असं लिहिलंय. चार बेडरूम, पुढे हिरवळ, झोपाळा. एका रात्रीचे १६,००० रुपये. जेवणाची सोय नाही, स्वयंपाकघर वापरायला देतात. दुसरी म्हणजे गावातल्या एका राहत्या घरातल्या चार खोल्या, प्रत्येकी २,००० रुपये, चहा-नाश्ता-जेवण तिथेच, त्याचे पैसे वेगळे. दोन खोल्या खाली, दोन माडीवर. फोटो मात्र दोनच, एक पडवीचा आणि एक फुलाफुलांची चादर घातलेल्या पलंगाचा.

नणंदेच्या घरच्यांना बंगला आवडलाय. माझाही जीव हिरवळीत अडकलाय, खोटं कशाला बोलू. पण ऑपरेशनपासून मी आईंना एकेक पायरी चढताना बघितलंय, त्यामुळे ठरवताना हात थरथरतोय. बंगलेवाले म्हणतात, दुसरी पार्टी थांबलीय, आज रात्रीपर्यंत निम्मे पैसे पाठवा. म्हणजे २४,००० रुपये. काय काय विचारून घेऊ? त्या बाजूला राहून आलेल्यांनी कृपया सांगा.

दीपक_डोंबिवली

आज रात्री पैसे पाठवू नका. बाकीचं नंतर.

गेल्या वर्षी माझ्या मावसभावाने अशाच घाईत एका बंगल्याचे पैसे भरले. फोटो खरे होते, बंगलाही खरा होता. फक्त ज्याने पैसे घेतले त्याचा त्या बंगल्याशी काही संबंध नव्हता. सगळे बॅगा घेऊन फाटकाशी उभे आणि आत दुसरंच कुटुंब जेवायला बसलेलं. राखणदार बिचारा हात जोडून सांगत होता की आमच्याकडे तुमचं नावच नाही.

म्हणून जाहिरातीतल्या नंबरावर विसंबू नका. नकाशावर ती जागा शोधा, तिथे दिलेला नंबर तोच आहे का बघा. उपग्रहाचं चित्र लावून घर आणि किनारा यांच्यामध्ये काय आहे तेही दिसतं. आधी एक रुपया पाठवा आणि खात्यावर कोणाचं नाव येतं ते वाचा. नाव जुळलं नाही तर सरळ विचारा. तारखा, माणसं, एकूण रक्कम, बेत रद्द झाला तर किती परत मिळणार, हे सगळं मेसेजवर लिहून घ्या, फोनवरच्या बोलण्याला अर्थ नाही. आणि फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. भावाने लाजेपोटी दोन दिवस घालवले आणि तोवर खात्यातले पैसे पुढे गेले होते.

अंगण_खालचा_पाट

मेघनाताई, मी गुहागरची, खालचा पाट या भागातली. बारा वर्षं आमच्या राहत्या घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांना देते. तुम्ही म्हणताय त्या आठवड्यात माझ्या तिन्ही खोल्या भरल्यात, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

आधी आमचं गाव डोळ्यासमोर आणा. एक लांबच लांब रस्ता आणि दोन्ही अंगांना घरं. समुद्राकडच्या घरांचं तोंड रस्त्याकडे आणि पाठ समुद्राकडे. घरामागे आगर, म्हणजे नारळ-सुपारीची वाडी, पट्टीसारखी अरुंद आणि लांब. आगर संपलं की सुरूची झाडं आणि मग पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. त्यामुळे ‘समुद्राला लागून’ हे कोणी खोटं लिहीत नाही. जमिनीची हद्द खरंच तिथवर जाते, घर मात्र रस्त्याला असतं. आमच्याच घरून पुळणीवर जायचं तर तीनशेच्या आसपास पावलं होतात. मध्ये शिंपण्याचे पाट ओलांडावे लागतात, झावळ्या पडलेल्या असतात आणि शेवटचा तुकडा भुसभुशीत वाळूचा. काठी वाळूत रुतते. म्हणून कोणालाही विचारताना ‘समुद्र जवळ आहे का’ असं विचारू नका. खोलीच्या दारापासून किती पावलं आणि वाट कशाची, हे विचारा. शिवाय गाडी किनाऱ्याच्या किती जवळ जाते आणि तिथे खुर्ची टाकून आजींना बसता येईल का, हेही.

आता जे सांगते ते मी कधी लिहिलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात सांगलीकडच्या एक आजी लेकीबरोबर आल्या होत्या. खोली चांगली, न्हाणीघर खोलीला जोडून, कमोडही होता. पण आमच्याकडे न्हाणीघराची फरशी खोलीपेक्षा खाली ठेवतात, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. आमची वीतभर खाली होती. पहाटे तीनच्या सुमारास मला कडीचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मला राहवलं नाही, मी जाऊन हाक मारली. आजी आत उतरल्या होत्या, पण वर येता येईना. लेकीला उठवायचं नाही म्हणून नळ धरून तशाच उभ्या. नळ भिंतीत हलत होता आणि त्यांचा पाय कापत होता. मी धरून त्यांना बाहेर घेतलं. पडल्या नाहीत, एवढंच देवाने राखलं. उजाडल्यावर मी गवंड्याला बोलावलं, मध्ये एक पायरी करून घेतली आणि दोन्ही बाजूंना स्टीलच्या दांड्या भिंतीत बसवल्या. तेव्हापासून कोणी खोलीचे फोटो मागितले की मी न्हाणीघराचा फोटो आधी पाठवते.

तेव्हा फोटोंवर जाऊ नका, ना बंगल्याच्या ना चादरीच्या. दोन्हीकडे व्हिडिओ कॉल करा आणि जे कोणी असेल त्यांना सांगा, गाडी थांबते तिथून चालायला लागा आणि फोन जमिनीकडे धरून चला. अंगणातली खडी, जांभ्याच्या पायऱ्या, उंबरठा, फरशी, न्हाणीघराचा खड्डा, सगळं दिसेल. जांभ्याच्या जुन्या पायऱ्या एकसारख्या नसतात, एक चार बोटांची तर पुढची वीतभर. कठडा आहे का बघा. पलंगाशेजारी एक साधी खुर्ची ठेवायला सांगा, म्हणजे उंची कळेल. खुर्चीच्या बैठकीपेक्षा पलंग खाली असेल तर आजींना त्यावरून उठवत नाही.

‘किती माणसं झोपतील’ हा प्रश्न कामाचा नाही. त्यात जमिनीवरच्या गाद्या धरलेल्या असतात, आम्हीही धरतो. पलंग किती आणि न्हाणीघरं किती, असं विचारा. चार खोल्यांना दोनच न्हाणीघरं असली तर अभिषेकाच्या दिवशी सकाळी अकरा माणसांच्या आंघोळी व्हायच्या कशा? गरम पाणी गीझरचं की बंबाचं? बंबाचं पाणी भरपूर मिळतं, पण कोणीतरी बादली उचलून आणावी लागते. वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं? बहुतेक ठिकाणी दिवे आणि पंखे चालतात, गीझर चालत नाही. आजोबा रात्री उठतात म्हणालात, तर पलंगापासून न्हाणीघरापर्यंत दिवा रात्रभर राहील ना, हे विचारून ठेवा.

बाळासाठी एकच गोष्ट, पण ती अगदी ठासून विचारा: विहिरीवर जाळी आहे का? आमच्याकडे आगरात घरोघरी विहीर, आणि जुन्या विहिरींचे कठडे खुजे असतात. डिसेंबरात खळ्यात, म्हणजे अंगणात, सुपारी वाळत घातलेली असते. रांगतं-चालतं बाळ ती थेट तोंडात घालणार. घरवालीला आधी सांगा, ती बाजूला घेईल.

प्रवासाचं थोडंसं. उंब्रज-पाटणवरून कुंभार्ली घाटाने येणार असाल तर पहाटे निघा, कोयनानगरला आजींना उतरवून चार पावलं चालवा आणि घाट उजेडात उतरा.

स्वाती_नाशिक

अंगणताईंचं वाचून माझ्या आईची आठवण झाली, तीही आम्हाला उठवायची नाही.

मला बंगल्याबद्दल सांगायचंय. आम्ही दोन वर्षांपूर्वी दापोलीजवळ नऊ जणांसाठी बंगला घेतला होता. जागा सुरेख होती. पण ‘स्वयंपाकघर वापरायला देतो’ म्हणजे काय हे आम्ही विचारलंच नव्हतं. दोन पातेली, एक कढई, पोळपाट होतं तर लाटणं नाही. गॅस होता, सिलिंडर दुसऱ्या दिवशी संपला. दुकान तीन किलोमीटरवर. सकाळी नऊ जणांचे पोहे, मग चहा, मग भांडी, तोवर दुपारच्या जेवणाची वेळ. जाऊबाई आणि मी मिळून समुद्र पाहिला तो एका संध्याकाळी, तेही अंधार पडता पडता. परत येताना गाडीत मुलगा म्हणाला, आई, तू एकदाही पाण्यात आली नाहीस.

तुमच्याकडे बाळ आहे, दोन वयस्कर माणसं आहेत. मऊ भात, गरम पाणी, औषधाआधी वेळेवर काहीतरी पोटात जायला हवं. हे सगळं कोण करणार, हे निघण्याआधी घरात बोलून घ्या. बंगलाच घ्यायचा असेल तर स्वयंपाकाला बाई मिळेल का, आणि भांडी कोण घासणार, हे मालकाकडून पक्कं करून मगच पैसे द्या. आमच्या धाकट्या भावाचा अनुभव वेगळा आहे. त्याचे सहा मित्र, सगळे तिशीतले, त्यांना तसल्याच बंगल्यात फार मजा आली. बाहेरून डबा मागवायचे आणि दिवसभर पाण्यात.

मेघना_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पैसे पाठवले नाहीत. आज दोन्हीकडे व्हिडिओ कॉल केला.

बंगल्याच्या राखणदाराने नीट दाखवलं, माणूस चांगला वाटला. फाटकापासून पायऱ्या मोजल्या तर अकरा, कठडा एका बाजूलाच आणि तोही निम्म्यापर्यंत. चारही बेडरूमपैकी खाली एकच, आणि तिचं न्हाणीघर जिन्याखाली, वाकून जावं लागतं. हिरवळ खरंच सुंदर आहे. मालकांना विचारलं, बेत रद्द झाला तर काय, ते म्हणाले की पैसे परत मिळणार नाहीत, हवं तर तारीख बदलून देऊ. निदान स्पष्ट सांगितलं.

घरगुती खोल्यांच्या काकूंनी फोन जमिनीकडे धरा म्हटल्यावर ‘अहो, कशाला?’ असं विचारलं. मी आईंच्या गुडघ्यांचं सांगितलं तर त्या फोन तसाच धरून सगळीकडे फिरल्या. अंगणातून पडवीत दोन पायऱ्या, मग एक उंबरठा. न्हाणीघराची फरशी दोन बोटं खाली, कमोड आहे, धरायला काही नाही. खालच्या दोन्ही खोल्यांना स्वतंत्र न्हाणीघर, माडीवरच्या दोन खोल्यांना मिळून एक. पलंगाची उंची खुर्चीएवढी आली. विहिरीवर लोखंडी जाळी आहे, त्यावर त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, बघा. देऊळ तिथून गाडीने पाच मिनिटांवर.

तेवढ्यात आई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या, मला कळलंच नाही. त्यांनी फोन हातात घेतला आणि काकूंना विचारलं, पडवीतून आगर दिसतं का? काकूंनी फोन वर करून दाखवलं. आई बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचं माहेर त्याच बाजूचं, वाडी कधीच विकली गेली. मग मला म्हणाल्या, इथेच जाऊ.

नणंदेला मीच फोन करून सगळं सांगितलं. तिने बाळासाठी खालची दुसरी खोली मागितली, तशी ठरवली. काकूंनी २,००० रुपयेच आगाऊ मागितले, खात्यावर त्यांचंच नाव आलं, तारखा आणि खोल्या मेसेजवर लिहून दिल्या. आता फक्त न्हाणीघरात धरायचं काय करू? कमोडवर बसवायची दांड्यांची खुर्ची इथे भाड्याने मिळते, ती आणू का?

अंगण_खालचा_पाट

आणा, नक्की आणा. पाय घडीचे असतील तर गाडीत मागे मावते. पायांची रबरं झिजलेली नाहीत ना, हे दुकानातच उलटी करून बघा, ओल्या फरशीवर सगळी मदार त्या रबरांवर असते. उंबरठ्यापाशी धरायला मात्र खुर्ची नाही चालायची. तिथे पहिल्या दिवशी कोणीतरी पुढे आणि कोणीतरी मागे राहा, नंतर त्यांना अंदाज येईल.

काकूंना विचारून घ्या, भिंतीत दांडी बसवू देतील का. आमच्याकडे दांड्या बसवणारा गवंडी गावातच राहतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी स्वतः त्याला सांगून ठेवते, त्यांनी फक्त हो म्हणायला हवं. डिसेंबरच्या आधी सिमेंट पक्कं होईल.

आणि अभिषेकाच्या दिवशी उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सकाळीच सांगा, अकरा माणसांची पिठी काढायला आणि नारळ खवायला वेळ लागतो. आजींना पडवीत आगराच्या अंगाला बसवा, संध्याकाळचं ऊन तिकडूनच येतं.