निदानाचे निकष : शास्त्र की हात वर करून ठराव?

तिरकी रेघ
कालच्या धाग्यावर 'थेट' यांनी ठोकून दिलंय : "मानसोपचारातली निदानं म्हणजे समितीने हात वर करून पास केलेली यादी. नऊपैकी पाच खुणा झाल्या की डिप्रेशन, चार झाल्या की ठणठणीत." तिथे दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून वेगळा धागा.

चार खुणावाला ठणठणीत ठरत नाही. उदासी अधिक आणखी एक लक्षण, दोन आठवडे, त्रास लक्षणीय, एवढ्यावर डीएसएम-5 मध्ये (अमेरिकन मानसोपचार संघटनेचं निदानाचं पुस्तक, पाचवी आवृत्ती) 'अन्य विनिर्दिष्ट' नैराश्य विकाराखाली नोंद होते. आणि पाच खुणा कुठल्याही चालत नाहीत. उदासी किंवा कशातच रस न वाटणं, यातलं एक हवंच.

खरी गोची अशी की लोक लक्षणांच्या यादीपाशीच थांबतात. पुढचे निकष कोण वाचतो? रोजच्या जगण्यात अडथळा, थायरॉईड किंवा व्यसन हे कारण नसणं आणि सर्वांत शेवटी, पूर्वी कधी मॅनिया (मूड अवाजवी चढण्याचा काळ) वा हायपोमॅनिया (त्याचंच सौम्य रूप) झालेला नसणं. हा शेवटचा तपासायचा राहिला की बायपोलरच्या (मूड दोन्ही टोकांना जाणारा आजार) माणसाला नुसतं अँटिडिप्रेसंट सुरू होतं आणि काहींचा मूड उलट्या टोकाला जातो. हायपोमॅनिया माणूस आपणहून सांगत नाही, कारण ते दिवस त्याला झकास वाटलेले असतात. "झोप लागत नव्हती का?" हा प्रश्न फुकट. "सलग चार दिवस कमी झोपूनही ताजंतवानं वाटलं, असं कधी झालं?" असं विचारायचं, आणि घरच्यांनाही विचारायचं.

थेट
प्रवचन छान. आता 2013 च्या डीएसएम-5 चे फील्ड ट्रायल, म्हणजे निकषांच्या प्रत्यक्ष रुग्णांवरच्या चाचण्या, काढा. एकच रुग्ण, दोन डॉक्टर, डिप्रेशनवर एकमताचा कॅपा (योगायोग वजा जाता उरलेलं एकमत, 1 म्हणजे पूर्ण) 0.28. जनरलाइज्ड अँग्झायटीचा (सततची अवाजवी चिंता) 0.20. 1980 च्या डीएसएम-3 पासून निकष घासताय, त्याचं हे फळ?

तिरकी रेघ
त्याच ट्रायलमध्ये पीटीएसडी (भीषण आघातानंतरचा मानसिक आजार) 0.67 होता, तो सोयीस्कर गाळलात. तिथे दोघांनी एकच मुलाखत ऐकली नव्हती. वेगवेगळ्या वेळी, आपापल्या पद्धतीने विचारलं होतं. ठरलेल्या प्रश्नावलीने विचारलं की आकडा वर जातो. आणि 1980 च्या आधी काय होतं? न्यूयॉर्कचे डॉक्टर ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणत, त्यातल्या बऱ्याच जणांना लंडनचे डॉक्टर मूडचे आजार म्हणत. ते परत हवंय का?

आकडेमोड्या
एकमत झालं तरी काय हाती लागतं ते बघा. डिप्रेशनचे निकष 227 प्रकारांनी पूर्ण होतात. पीटीएसडीचे 6,36,120 प्रकारांनी (लक्षणांच्या चार गटांचे प्रकार 31 × 3 × 120 × 57, पडताळून बघा). लेबल एक, माणसं भलतीच वेगळी.

पानगळ
तुमचे कॅपा तुम्हालाच लखलाभ. शोकाबद्दल कुणी का बोलत नाही? डीएसएम-4 मध्ये जवळच्याच्या मृत्यूनंतर दोन महिने डिप्रेशनचं निदान न करण्याची सवलत होती. 2013 ला ती काढली. म्हणजे तेरावा झाला नाही तोच माणूस डिप्रेशनमध्ये!

तिरकी रेघ
अवांतर आहे, पण घ्या. ती सवलत सरसकट नव्हतीच. आत्महत्येचे विचार, नालायक असल्याची भावना, हालचाल मंदावणं यांपैकी काही असेल तर लागू होत नसे. शिवाय ती फक्त मृत्यूसाठी. घटस्फोट झाला, नोकरी गेली, तर नाही. त्यात तर्क कुठला?
फरक लक्षणांच्या पोतात असतो. शोक लाटांनी येतो, आठवण निघाली की उसळतो, मध्ये माणूस हसतोही. स्वतःबद्दलचा आदर बहुधा टिकून असतो. मरणाचा विचार आला तर "त्याच्याकडे जावं" असा. डिप्रेशनमध्ये "मी जगायच्या लायकीचा नाही" असा.

पानगळ
मग डीएसएम-5 च्या 2022 च्या सुधारित आवृत्तीत 'दीर्घकालीन शोक' हा वेगळा आजार कशाला घुसवला? त्यातही डीएसएमला बारा महिने लागतात, आयसीडी-11 ला (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) सहा. आठव्या महिन्यात बाई एका पुस्तकात आजारी, दुसऱ्यात नाही!

आकडेमोड्या
नुसते महिने मोजून होत नाही हो. डीएसएममध्ये गेल्या महिनाभर जवळपास रोज तीव्र ओढ किंवा गेलेल्या माणसाचाच ध्यास, वर आठपैकी तीन लक्षणं, आणि तो शोक त्या समाजाच्या, धर्माच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे जास्त. हे शेवटचं कलम दोन्हीकडे आहे, आणि घाईत तेच सुटतं. बारा महिने ठेवले ते साध्या दुःखाला आजार ठरवलं जाऊ नये म्हणून.

थेट
म्हणजे ठरवलेच ना? ठराव पास! औषध कंपन्यांचे वकील इथे किती आहेत ते कळलं.

तिरकी रेघ
तोंड सांभाळून. उंबरठे माणसंच ठरवतात. 2017 ला अमेरिकेत रक्तदाबाची रेघ 140/90 वरून 130/80 वर आणली, तिथे गेलात का बोंबलत?

थेट
रक्तदाबाला पट्टा बांधून आकडा तरी येतो.

मधला बाक
दोघंही निदानाच्या खोक्यांवरच भांडताय. आयसीडी-11 ने व्यक्तिमत्त्व विकारांची खोकीच मोडली, तिकडे कुणी बघेना. आता आधी तीव्रता ठरवायची, सौम्य, मध्यम की तीव्र. मग हवं तर पाच स्वभावलक्षणांपैकी लागू होतील ती जोडायची. पूर्वी एकाच माणसाला तीन-तीन व्यक्तिमत्त्व विकार चिकटायचे, तो प्रकार बंद. फक्त 'बॉर्डरलाइन' (भावना आणि नाती सतत अस्थिर) हे खोकं दबावापोटी मागल्या दाराने ठेवलं. मोजपट्टीच हवी असेल तर ही घ्या की.

पानगळ
माझ्या आठव्या महिन्याचं काय?

तिरकी रेघ
आठव्या महिन्यात ती बाई जेवत नसेल, कामावर जात नसेल, तर मदत आजच सुरू करायची. निदानाचा कोड नंतर. डिप्रेशनचे निकष पूर्ण होत असतील तर त्याला बारा महिने थांबावं लागत नाही.

थेट
चला, चार खुणावाल्याला कोड मिळाला, तेवढं तुमचं. 0.28 तिथेच आहे.