नवीन यंत्र घेण्याआधी जुन्या बाजारात एक चक्कर मारावी की नाही?

गावभागकर, सांगली

माझं मत आधीच सांगून टाकतो. शिलाई मशीन, मिक्सर, पोलादी कपाट, पितळी भांडी, वजनकाटा यांपैकी काही घरात हवं असेल, तर शोरूमची पायरी चढण्याआधी जुन्या मालाच्या दुकानात जावं. पैसे दर वेळी वाचतातच असं नाही. पण नीट घडवलेली वस्तू तिथे उलटीपालटी करून, उघडून बघता येते. आणि तशी वस्तू हाताला लागली की जो आनंद होतो, तो खोक्यातून काढलेल्या नव्या वस्तूने होत नाही.

पायमशीनचं उदाहरण देतो. कुपवाडला एमआयडीसीच्या वाटेवर एका भंगार दुकानात सोनेरी वेलबुट्टीची काळी मशीन पडून होती. चाक हलत नव्हतं. दुकानदार म्हणाला, "जाम झालीय, वजनावर न्या." मी डोकं बिजागरीवर मागे कलतं केलं आणि खालून बघितलं. गंज कुठे नव्हता, सांध्यासांध्यावर तपकिरी चिकटा होता. आधीच्या घरात मशीनच्या तेलाऐवजी खाण्याचं तेल घातलं गेलं होतं आणि ते सुकून घट्ट बसलं होतं. म्हणजे लोखंड शाबूत! घरी आणून प्रत्येक सांध्यात डिझेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं, सकाळी चाक इंचभर पुढे, इंचभर मागे असं करत राहिलो. सुटलं. मग मशीनचं पातळ तेल दिलं. कापड पुढे सरकवणाऱ्या दातांत दाबून बसलेला कापसाचा थर सुईने उकरला, बॉबिन केसच्या पट्टीखाली अडकलेला दोरा काढला, चामडी पट्टा नवा घातला. आता गोधडीचे सगळे पदर ती एका टाक्यात घेते.

हे जमलं कारण त्या मशीनमध्ये प्रत्येक भाग स्क्रूने बसवलाय, चिकटवलेलं काही नाही. सुटे भाग आजही सहज मिळतात. लुधियानात शिलाई मशीनच्या भागांचे कारखाने आहेत, आणि सुई, बॉबिन, बॉबिन केस यांची मापं इतक्या वर्षांत बदललेली नाहीत.

आपल्या जिल्ह्याला तर हे शिकवायची गरज नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाच्या माळावर कारखाना काढला, त्याची किर्लोस्करवाडी झाली. तिथल्या लोखंडी नांगराचा फाळ झिजला की शेतकरी फाळ बदलायचा, नांगर फेकायचा नाही. घरातल्या यंत्राकडूनही माझी तेवढीच अपेक्षा आहे. विरोधी मतं जरूर मांडा.

तारवाला, मिरज

दादा, पायमशीनपुरतं बोललात तर हरकत नाही, तिला वीज लागत नाही. पण यादीत मिक्सर घातलात, म्हणून लिहितो. मी वायरमनचं काम करतो. जुना गिझर, जुनी इस्त्री, पाण्यात सोडायचा रॉड या वस्तू सेकंडहँड घेऊच नयेत असं माझं ठाम मत आहे. किती घरांत थ्री-पिनची अर्थिंगची पिन कापलेली बघतो, कारण भिंतीतलं सॉकेट दोन पिनांचं! जुन्या इस्त्रीची वायर आतून कडक होऊन तडकते आणि बाहेरून दिसत नाही. बॉडीत करंट उतरला आणि घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल, तर हात चिकटतो. वस्तू किती मजबूत घडवलीय याचा तिथे काही उपयोग नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आधी बसवा, मग जुनं काय ते आणा.

कृष्णाकाठ

तारवाल्यांशी सहमत, आणि सांगलीकर म्हणून एक भर घालतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभाग, मारुती रोड, हरभट रोड, सगळं पाण्यात. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. दोन्ही वेळा रस्त्यावर फ्रीज, वॉशिंग मशीन, मिक्सर, कपाटं यांचे ढीग लागले होते. तो सगळा माल वितळवला गेला असेल असं ज्याला वाटतं त्याने वाटून घ्यावं. धुऊन, रंग मारून विकायला ठेवलेल्या वस्तू मी स्वतः पाहिल्या आहेत.

ओळखायचं असेल तर बुडाचे स्क्रू काढा. स्क्रूच्या भोकात, हवेच्या जाळीच्या आतल्या कडेला पिठासारखा बारीक करडा गाळ सापडतो. वरून कितीही पुसलं तरी तिथून तो जात नाही. मोटरच्या वाइंडिंगमध्ये, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांत, हा गाळ राहिला की ती आज चालते आणि पावसाळ्यात ओल धरून बसते. आपल्या गावात सेकंडहँडचं कौतुक करताना पूर विसरून चालणार नाही.

गावभागकर, सांगली

दोघांचेही मुद्दे पटले, आणि ते माझ्याच बाजूचे आहेत! गाळ शोधायचा तर वस्तू उघडावी लागते. ज्या मिक्सरचं बूड चार स्क्रूंवर निघतं त्यात तो दिसेल. ज्याचं बूड खटके मारून कायमचं बंद केलंय त्यात दिसणार नाही.

इस्त्री, गिझर, रॉड जुने नकोत, मान्य. फ्रीजही नको. फार जुन्या फ्रीजमध्ये थंडावा देणारा आर-१२ गॅस असायचा. ओझोनला घातक म्हणून आपल्याकडे २०१० पासून तो बंद झाला. गळती झाली की तो फ्रीज संपला.

मिक्सरचा आग्रह मात्र सोडणार नाही. आपलं वाटण म्हणजे सुकं खोबरं, भिजवलेली डाळ, ओली हळद. १९६० च्या दशकात सत्यप्रकाश माथूर यांनी सुमीत मिक्सर तयार केला, कारण परदेशी मिक्सर आपल्या वाटणाला पुरा पडत नव्हता. मोटर दणकट, झिजणारा भाग कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा, आणि तो बदलायला काही मिनिटं पुरतात. तसा मिक्सर जुन्या बाजारात दिसला तर मी थांबतो.

विश्रामबागची काकू

सगळं वाचलं. आता मी लिहिते, आणि थोडं परखड लिहिते.

माझं लहानपण दुसऱ्याच्या वस्तूंवर गेलं. आई चार घरची धुणीभांडी करायची. एका घरातून जुना कुकर मिळाला, एका घरातून मिक्सर. मिक्सर दिला त्या बाईंनी पुढे वर्षभर प्रत्येक सणाला आईकडून जादा काम करून घेतलं आणि दर वेळी मिक्सरची आठवण करून दिली. वस्तू चांगली होती, तक्रार नाही. पण ती आमच्या घरात कधी आमची झाली नाही. मला नोकरी लागली तेव्हा मी नवा मिक्सर आणला. खोक्याची चिकटपट्टी आईने कापली. वॉरंटी कार्डावर आमचं नाव लिहिलं. तो आनंद कमी प्रतीचा आहे असं तुम्ही पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकलंत, भाऊ. ज्याला नवीन घ्यायची ऐपत कायम होती, त्याला जुन्याची हौस परवडते.

दुसरी गोष्ट, पितळी भांडी. बाजारातून हौसेने आणतो कोण आणि घासतो कोण? पितळी पातेल्याची कल्हई उडाली की आमटी कळकते. कल्हईवाला पूर्वी दारावर यायचा, आता शोधत फिरावं लागतं. मग ते पातेलं फळीवर चढतं आणि दर दिवाळीला चिंच लावून घासायला मी खाली काढते. जातं, पाटा-वरवंटा, तांब्याचा बंब, या सगळ्यांच्या मजबुतीचं कौतुक करणाऱ्यांनी आधी महिनाभर ते वापरून दाखवावं. बंबाचा धूर डोळ्यांत गेला की घडणीकडे लक्ष राहत नाही.

आष्टेकर

काकूंना +१. आमच्या घरी घंगाळ आहे, त्यात आता झाड लावलंय.

वालचंदचा विद्यार्थी

मला मूळ तर्कातच चूक दिसते. जुन्या वस्तू मजबूत असतात असं आपल्याला वाटतं, कारण ज्या कच्च्या होत्या त्या केव्हाच भंगारात गेल्या. आज दुकानात दिसतात त्या तगलेल्या. त्यांच्यावरून त्या काळच्या सगळ्या मालाची प्रत ठरवता येत नाही.

विजेचाही हिशोब मांडू. जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा, ३० च्या आसपास. फरक ४५ वॅटचा. रोज १२ तास धरले तर वर्षाला जवळपास २०० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर एका पंख्यामागे २,००० रुपये. दीड-दोन वर्षांत नव्या पंख्याची किंमत वसूल होते. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालंय, ते याचसाठी. जुना पंखा फुकट मिळाला तरी महाग आहे.

तारवाला, मिरज

तुमचा हिशोब बरोबर आहे बाळा, पण अर्धा आहे. जुना पंखा बंद पडला की मी कंडेन्सर बदलतो किंवा बेअरिंग टाकतो, आणि तो पुढची कित्येक वर्षं फिरतो. बीएलडीसीत सर्किट बोर्ड आहे. वॉरंटीत असेल तोवर ठीक, त्यानंतर त्या मॉडेलचा बोर्ड मिळाला तर मिळाला. लाइटचा दाब वरखाली झाला की सगळ्यात आधी तोच जातो, हे रोज बघतोय. दिवसभर चालणाऱ्या खोलीत बीएलडीसी घ्या. पाहुण्यांच्या खोलीत जुना असू द्या, तिथे तुमची वीज वाचायची कितीशी?

गावभागकर, सांगली

विद्यार्थीमित्रा, तगलेल्याच वस्तू दुकानात दिसतात हे अगदी खरं. मी तरी आणखी काय मागतोय? मला त्या काळच्या सगळ्या मालाची प्रत ठरवायची नाही, एक चांगली मशीन घरी न्यायची आहे. निवड काळाने करून ठेवलीय, तिचा फायदा घ्यावा. नवी वस्तू किती वर्षं टिकेल हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. जुनीने ते दाखवलेलं असतं.

काकू, तुमच्या आईंचं वाचून राग आला, त्या मिक्सर देणाऱ्या बाईंचा. उपकार म्हणून अंगावर टाकलेली वस्तू आणि आपण पारखून, भाव करून, रोख मोजून घेतलेली वस्तू, यांत फार अंतर आहे. मी दुसरीबद्दल बोलतोय. ती पहिल्या दिवसापासून आपलीच असते. आणि पितळ घासायचं काम आमच्या घरी माझ्याकडे आहे, कारण आणलंय मी.

तासगावची शिलाईवाली

मी या वादात दोन्हीकडे थोडी थोडी आहे. माझं घर जुन्या पायमशीनवर उभं राहिलं. नवी मोटारची मशीन घ्यायला कर्ज काढावं लागलं असतं. जुनी घेतली, ब्लाउज शिवून त्यातूनच पैसे फिटले. लोडशेडिंगच्या दिवसांत इतरांच्या मशिनी थांबायच्या, माझे पाय चालत असायचे. लग्नसराईत त्याचा किती फायदा होतो ते शिवणाऱ्यालाच कळेल.

पण काकूंचंही खरंय. दिवसभर पायडल मारून गुडघे गेले. आता त्याच डोक्याला बाजूने छोटी मोटर बसवून घेतलीय. मशीन जुनी, मोटर नवी. दात, सुई, टाका सगळं पूर्वीचंच. जुन्या मशिनीला अशी मोटर बसवता येते, हे लक्षात असू द्या.

घेताना मी काय बघते ते सांगते. चाक हाताने फिरवून सुई खाली-वर जाताना बाजूला लचकते का बघा. मग सुईचा दांडा बोटांत धरून हलवा. तो हलत असेल तर आतलं झिजलंय, घेऊ नका, वेलबुट्टी कितीही सुंदर असो. शेवटी दोरा न ओवता कागदावर टीप घाला. भोकं सरळ रेषेत आणि सारख्या अंतरावर आली की बिनधास्त घ्या.

विश्रामबागची काकू

शिलाईवाल्या ताई, तुमचं पटलं. ज्याने घाम गाळायचा त्यानेच वस्तू निवडली तर माझं काही म्हणणं नाही. भाऊ, तुम्ही स्वतः पितळ घासता हे वाचून बरं वाटलं, बाकीच्या हौशी मंडळींनीही ते वाचावं. पण नव्या वस्तूच्या आनंदाबद्दल मी मागे हटणार नाही. कुणाच्या घरात पहिल्यांदा नवीन खोकं येतं तेव्हा त्याला "जुनं बघायचं होतंत की" असं सांगू नका.

पलूसहून

वाद चालू द्या, मला एक सल्ला हवाय. एका ओळखीच्यांकडे जुना मिक्सर आहे, तीन भांड्यांसकट ८०० म्हणतात. चालू आहे. घेऊ का? तारवाले दादा, तुम्हीच सांगा.

तारवाला, मिरज

मी विरोधी पक्षातला, तरी सांगतो. भांडं न लावता अर्धा मिनिट चालवा आणि जाळीपाशी नाक न्या. जळका वास आला तर तिथेच सोडा. मग अंधार करून जाळीतून बघा. ब्रशपाशी बारीक ठिणग्या असतील तर चालतं, गोल कडं पेटल्यासारखं दिसलं तर कॉम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात ते तांब्याचं कडं, गेलाय. प्लग सॉकेटातून काढून ब्रश बाहेर घ्या. अर्ध्याहून जास्त झिजलेले असतील तर नवे पडतील, फार खर्च नाही. भांड्यात पाणी घालून तासभर ठेवा. खालून थेंब पडला तर पात्याच्या दांड्याचं बुश (धातूची नळी) आणि सील बदलायचं, कुपवाडला लेथवाला बुश करून देतो. वरचा रबरी कप्लर झिजलेला असला तर घाबरू नका, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. बुडाचे स्क्रू मात्र काढून बघाच, कृष्णाकाठ यांनी गाळाचं सांगितलंय ते. आणि घरी आणल्यावर पहिली वायर बदला, नवी तीन तारांची घाला, अर्थिंगसकट.

तीनही भांडी गळत असतील तर ८०० जास्त आहेत. बघून आलात की ब्रश किती शिल्लक आहेत ते लिहा, मग भाव सांगतो.