मदत हवी आहे : निअँडरथल (हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेले आदिमानव) वेगळी जाती की आपल्यातलेच? आठवीच्या वर्गात काय सांगू?

नमस्कार मंडळी,

मी आठवीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात वर्गीकरणाची उतरंड घेतली: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. (वर्तमानपत्रं स्पीशीजला सर्रास 'प्रजाती' म्हणतात. आमच्या पुस्तकात स्पीशीज म्हणजे जाती आणि जीनस म्हणजे प्रजाती. उत्तर देताना तेवढं सांभाळा, मुलांचा फार गोंधळ होतो.) जातीची कसोटी नेहमीचीच सांगितली: ज्यांची आपसात वीण होऊन ती पुढेही चालते, ते एका जातीचे. गाढव आणि घोडीपासून खेचर होतं, पण खेचराची वीण पुढे चालत नाही, म्हणून घोडा आणि गाढव या दोन जाती.

एक मुलगी उठली. "बाई, आपल्यात निअँडरथलचा डीएनए आहे ना? म्हणजे त्यांची वीण पुढे चालली. मग ते वेगळे कसे?"

"उद्या सांगते" म्हटलं. आठ दिवस झाले.

वाचून एवढं कळलं. १८५६ साली जर्मनीतल्या निअँडर खोऱ्यात हाडं सापडली आणि १८६४ मध्ये विल्यम किंग यांनी होमो निअँडरथलेन्सिस हे नाव दिलं, ते निव्वळ हाडांच्या ठेवणीवरून. निअँडरथलचा जनुकसंच (म्हणजे सगळा डीएनए) वाचला गेला २०१० मध्ये. आफ्रिकेबाहेरच्या लोकांत त्यांचा वाटा साधारण २ टक्के निघतो, पण एक्स गुणसूत्रावर (लिंग ठरवणाऱ्या जोडीतलं एक) तो फारच कमी आहे. त्यावरून संकरातून झालेल्या मुलग्यांची जननक्षमता कमी असावी, असा तर्क काही संशोधक करतात. मग हे अर्धवट तुटलेलं नातं म्हणायचं का? मला तसंच वाटतं, पण खात्रीशिवाय वर्गात बोलायचं नाही.

माझे प्रश्न दोन. खेचराचं उदाहरण न टाकता ही कसोटी कशी दुरुस्त करू? आणि 'माणूस' म्हणजे होमो प्रजातीतले सगळे की फक्त सेपियन्स, म्हणजे आपण?

काल त्या मुलीला सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेतल्या हाडाबद्दल सांगितलं. जेमतेम अडीच सेंटिमीटरचा तुकडा. २०१८ मध्ये कळलं की तो सुमारे ९० हजार वर्षांपूर्वीच्या, तेराएक वर्षांच्या मुलीचा आहे. आई निअँडरथल, वडील डेनिसोवन (याच गुहेवरून नाव पडलेला आणखी एक नामशेष मानवगट). माझी विद्यार्थिनीही वयाने जवळपास तिच्याएवढीच. तिने वहीत लगेच सातही पायऱ्या आखल्या, 'प्रजाती: होमो'पर्यंत भरल्या आणि शेवटची रिकामी ठेवून विचारलं, "इथे आईची लिहू की बाबांची?"

सोमवारी तिसरा तास आहे. कृपया लवकर सांगा.