मदत हवी आहे: जुन्या जिनिंग फॅक्टरीत स्केटिंगचे रॅम्प बसवायचे आहेत

नमस्कार मंडळी,

अकोल्याजवळ आमच्या घरची जुनी जिनिंग फॅक्टरी आहे. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं, म्हणजे रेचे, बंद पडून ३० वर्षं झाली. शेड ९० बाय ३६ फूट, मधे एकही खांब नाही. चुन्यात बांधलेल्या जाड भिंती, वर सागवानी कैच्या (छत पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी) आणि मंगलोरी कौलं. कैचीच्या सांध्यात अजून रुईचे पुंजके सापडतात.

गावातली वीसेक पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर स्केटिंग करतात. मागच्या महिन्यात एका मुलीला दुचाकी घासून गेली, खरचटण्यावर निभावलं. त्याच दिवशी ठरवलं, शेड पोरांना द्यायची. काकांना मध्य प्रदेशातल्या पन्नाजवळच्या जनवार गावाची गोष्ट सांगितली. तिथे २०१५ पासून स्केटपार्क आहे आणि ‘शाळा नाही तर स्केटिंग नाही’ हा नियम. काका तयार झाले, पण अट एकच: भिंतीला हात लावायचा नाही.

ठेकेदार म्हणतो, रॅम्प भिंतीत बोल्टनं आवळा, आतून सिमेंटचा गिलावा मारा. मला हे बिलकूल पटत नाही. उत्तरेच्या भिंतीला पूर्वी कुणीतरी खालून ४ फूट असा गिलावा केलाय. ओल आत कोंडली, आणि गिलावा संपतो तिथली वीट आता बोटानं भुगा होते.

म्हणून रॅम्प सुटेच हवेत, लाकडी सांगाड्यावर, ४ फुटांपेक्षा उंच नाहीत. खाली शाहाबादी फरशी आहे, पण खालीवर झालेली. ती न उखडता सांगाडा समपातळीत कसा बसवावा? पावसाळ्यात मरीन प्लाय (ओल सोसणारं प्लायवूड) टिकेल का? चाकांखाली वरचा थर कशाचा द्यावा?

सगळ्यात मोठी धास्ती आगीची. अमेरिकेत सेंट लुईसला सेंट लिबोरियस चर्चमध्ये पोरांनी स्वतःच्या हातानं रॅम्प उभे केले होते. जून २०२३ च्या आगीत सगळं गेलं. ते फोटो बघून रात्रभर झोप लागली नाही. आमच्याकडेही वर सागवान, खाली प्लाय. वायरिंग पूर्ण नवं करणार आहे, पण सागवानाला आगरोधक लेप दिला तर लाकूड श्वास घेईल का, म्हणजे आतली ओल बाहेर पडेल का?

स्पेनमध्ये यानेरा इथे १९१२ चं सांता बार्बरा चर्च मात्र स्केटिंगमुळे वाचलं. चित्रकार ओकुदा सान मिगेल यांनी २०१५ मध्ये ते आतून रंगवलं. आम्हाला रंगही नको, चुनाच पुरे.

विदर्भात चुन्याचं काम जाणणारा गवंडी कुणाच्या माहितीत असेल तर कृपया सांगा. उत्तरेच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा पावसाआधी काढून ती मोकळी करायची आहे.