‘रेझिलियन्स’ला मराठीत काय म्हणावं? सोशीकपणा, चिवटपणा की उभारी?

प्रश्न
महिला सरपंचांच्या प्रशिक्षणासाठी एक पुस्तिका मराठीत करते आहे. त्यात ‘रेझिलियन्स’वर एक प्रकरण आहे: अविश्वास ठराव आला, पद गेलं, निवडणुकीत पडलो, तर पुढे काय. मसुद्यात कुणीतरी ‘सहनशीलता’ लिहून ठेवलंय, ते मला वाचवत नाही. ‘लवचीकपणा’ही पटत नाही. शब्द सुचवा आणि तोच का, तेही सांगा.

प्रतिसाद १
पाठ्यपुस्तकात ‘स्थितिस्थापकता’ आहे, पण ती रबराची. ताण काढला की वस्तू मूळ आकारात येते. ज्या बाईविरुद्ध तिच्याच पॅनेलच्या सदस्यांनी सह्या केल्या, ती कुठली मूळ आकारात यायची? तो शब्द प्रयोगशाळेतच राहू दे.

प्रतिसाद २
आमच्याकडे ‘खमकी’ म्हणतात. ‘खंबीर’ही चालेल. ‘चिवट’ मात्र जपून वापरा. खोकला चिवट असतो, डाग चिवट असतो. बाईला चिवट म्हटलं की कौतुक कमी आणि ‘ही काही हटत नाही’ हा वैताग जास्त ऐकू येतो.

प्रतिसाद ३
‘खमकी’ आणि ‘खंबीर’ हे स्वभावाचे शब्द आहेत, घाव बसण्याआधीचे. ताईंना घावानंतरचा शब्द हवा आहे, असं मला वाटतं.

‘सहनशीलता’ आणि ‘सोशीकपणा’ यांना माझा मनापासून विरोध आहे. माझी आत्या सरपंच होती. नऊ सदस्यांची ग्रामपंचायत. पद महिलेसाठी राखीव, म्हणून ठराव मंजूर व्हायला तीन-चतुर्थांश मतं लागत होती, म्हणजे सात. बरोबर सातच पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कपाटाच्या किल्ल्या ग्रामसेवकांच्या टेबलावर ठेवल्या, मोजून दिल्या, पोच लिहून घेतली. घरी आली तर ओसरीवर दोघी बायका निराधार योजनेचा फॉर्म घेऊन बसलेल्या. एक म्हणाली, “आता तुम्हाला कसं सांगावं?” आत्या म्हणाली, “पद गेलंय, अक्षर कुठं गेलंय? आण इकडं.” पुढच्या ग्रामसभेला ती पहिल्या ओळीत बसली आणि पाणीपट्टीचा हिशेब मागितला. गाव म्हणालं, सोशीक बाई आहे हो. ती घरी येऊन चिडली: “सोसलं कुठं मी? विचारलं.”

तिचा तो राग मला आजही बरोबर वाटतो. ‘सोसणे’ या क्रियापदात समोरच्याला काहीच करावं लागत नाही. तो देत राहतो, ही घेत राहते. ‘लवचीक’मध्ये लवणं आहे. पुरात झाडं जातात आणि लव्हाळं वाचतं, हा दाखला बायकांना हटकून दिला जातो. पण हिशेब मागणारी बाई लवलेली नसते.

माझा शब्द ‘उभारी’. पावसाने वीस दिवस ताण दिला, पानं सुकली, मग एक सर आली की आपण म्हणतो, पिकानं उभारी धरली. म्हणजे पीक सुकलं होतं, हे हा शब्द लपवत नाही. शिवाय उभारी धरता येते तशी देताही येते. ओसरीवरच्या त्या दोघींनी आत्याला ती दिली. ‘सहनशीलता’ कुणाला देता येते का?

प्रतिसाद २
पटलं. पण एक शंका. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांचं प्रकरण आठवा. सरकारी जागेवरच्या घरात सासूबरोबर राहतात, या आरोपावरून त्यांना अपात्र ठरवलं होतं. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि 2024 च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाने त्यांना पदावर कायम केलं. बाई सरपंच झाल्याचं गावकऱ्यांना पचलं नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा रोख होता. याला ‘उभारी’ म्हणणार?

प्रतिसाद ३
नाही. ती दाद मागणं आहे, ‘दाद मागणे’ हाच शब्द तिथे हवा. पुस्तिकेत दोन्ही वेगळे ठेवा. अन्याय झाला असेल तिथे आधी दाद मागायची, उभारी त्याच्या बरोबरीने. नाहीतर ‘उभारी धरा’ म्हणजे ‘झालं गेलं विसरा’ असं वाचलं जाईल, आणि मग ‘सहनशीलता’ काढून आपण काय मिळवलं?

प्रतिसाद ४
ऊसपट्ट्यातून लिहितोय. तोडणी झाल्यावर बुडख्यांतून फुटवे येतात, तो खोडवा. नवी लागण न करता जुन्या मुळांवर उभं राहिलेलं पीक. पद गेलेल्या बाईच्या ओळखी, कागदपत्रांची माहिती ही ती मुळं. शीर्षकाला नको, कारण खोडव्याचा उतारा बहुधा लागणीपेक्षा कमी पडतो, पण आत उदाहरण म्हणून घ्या. सरपंचताईंना समजावून सांगावं लागणार नाही.

प्रश्नकर्ती
प्रकरणाचं नाव ‘दाद आणि उभारी’ ठेवते. ‘सहनशीलता’ सगळीकडून काढली, सात ठिकाणी होती. खोडवा दुसऱ्या पानावर घेतला. आता एकच अडलंय: उभारी ‘घेणे’ की ‘धरणे’?

प्रतिसाद ३
दोन्ही चालतात. आमच्याकडे बायकांच्या तोंडी ‘धरणे’ जास्त आहे. तेच ठेवा.